आधी चेहरा लावायचा

आमच्या समोरच्या दारातले रिमोटराव कुणाकडे गेले की घरच्या माणसांकडे नंतर बघतात, आधी टीव्हीकडे. माझ्या नणंदेचे सासरे गेले तेव्हा भेटायला आले होते. दहा मिनिटं मान खाली घालून बसले आणि मग हळूच म्हणाले, "ताई, तुमच्याकडे बातम्यावाली फार लाल दिसते हो." टीव्हीचा आवाज बंद होता, पण चित्र चालू होतं ना!

रिमोटराव हे नाव मीच ठेवलेलं. धंदाच त्यांचा तो. लोकांच्या घरी होम थिएटर बसवायचं आणि चित्र बिघडलं की ताळ्यावर आणायचं. हात मात्र तरबेज. दुकानातून आलेला टीव्ही भडक असतो, तो भडकपणा आधी उतरवणार. मग खिडकीचा उजेड अडवणार, केबल बदलून बघणार. आणि प्रत्येक घरी एकच प्रवचन: "आधी चेहरा लावायचा. माणसाचा चेहरा नीट आला की बाकीचं आपोआप जागेवर येतं."

त्यांची बायको माझी मैत्रीण. तीस वर्षं त्या सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसून विणत राहिली. म्हणायची, "मी पडद्यावर गेले तर बघतील एखादवेळ." आणि आम्ही दोघी खिदळायचो.

गेल्या वर्षी ती गेली. कावीळ म्हणून नेलं, निघालं भलतंच. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणायला हवं होतं. त्यावर त्यांच्या मुलीने दवाखान्याच्या जिन्यातच विचारलं, "बाबा, तुम्ही एकाच घरात राहत होतात ना?" तेवढंच. मग वर्षभर बोलणं बंद. परवा तिचा फोन आला, तोही मला. "मावशी, रविवारी येतेय. आईच्या वस्तू न्यायच्यात."

मी निरोप पोचवला, तर रिमोटराव संध्याकाळीच माझ्या दारात.

"वहिनी, तुमच्या मुलाच्या पार्टीचं शूटिंग आहे ना? दवाखान्याच्या आधी दोनच महिने झाली होती ती. मुलीला दाखवतो. हसत होती, दोनदा वाढून घेतलं होतं तिने. दिसण्यासारखं काही असतं, तर मला दिसलं नसतं?"

"छे हो भाऊजी! तुम्हाला तर बातम्यावालीच्या नाकाची लालीसुद्धा दिसते."

त्यांना ती स्तुती वाटली. पेन ड्राइव्ह घेऊन गेले.

गुरुवारी दुपारी मला हाक. भिंतभर टीव्हीवर माझी मैत्रीण स्वतः विणलेला स्वेटर घालून, हातात बशी घेऊन हसत होती. पिवळीजर्द.

"रंग बिघडलाय," रिमोटराव म्हणाले. पडदे ओढून झाले होते, दिवाणखान्यातला पिवळा दिवा काढून पांढरा लावून झाला होता. शुक्रवारी केबल बदलली. मग टीव्ही पहिल्यापासून लावला. मी जाता-येता डोकावत होते. "पेशंट कसाय?" विचारलं की दारातून हात हलवायचे.

शनिवारी मात्र स्वतः बोलवायला आले. चेहरा खुललेला. "बघा आता!"

बघितलं. गालावर लाली, डोळे पांढरेशुभ्र. लग्नातही एवढी टवटवीत नव्हती बिचारी.

"चेहरा लागला," ते म्हणाले.

"आणि स्वेटर?"

"स्वेटरला काय झालं?"

"कुठल्या रंगाचा होता तो?"

ते पडद्याकडे बघत राहिले. "जांभळाच ना?"

माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. पण त्या वेळी मी सरळ घरी गेले, कपाटातून तो स्वेटर काढला आणि आणून पडद्याला भिडवून धरला. मोरपंखी. अख्खा हिवाळा तो त्यांच्या कोपराला लागून विणला गेला होता.

आता धंद्याची खोड. समोर खरा रंग धरलाय आणि पडद्यावर खोटा आहे, हे त्यांना बघवेना. रिमोट घेतला, एकेक आकडा सरकवत गेले. जांभळ्याचा निळा झाला, निळ्याचा मोरपंखी. पडद्यावरची माझ्या दिवाणखान्याची भिंत पांढरी झाली. माझ्या नवऱ्याचं टक्कल आहे तस्सं चकाकायला लागलं. आणि ती पुन्हा पिवळी. डोळ्यांची बुबुळं सोडली, तर डोळेसुद्धा.

"शूटिंगच खराब आहे," ते म्हणाले.

"मग आमचे हे एवढे चांगले कसे दिसतात?" मी म्हणाले. विनोद म्हणूनच निघालं तोंडातून. हसलं कुणीच नाही.

ते खाली बसले. त्यांना सांगावं असं अजून एक होतं माझ्याकडे. त्या पार्टीतच मी तिला म्हटलं होतं, "अगं, लिंबू झालीस की!" ती हसली. म्हणाली, "ओरडू नकोस. बघू, आमच्या घरात कुणाला दिसतंय का. दिसलं की जाईन डॉक्टरकडे." आठवड्याने तो स्वेटर मला देऊन टाकला. "मला सैल होतो गं." मी घेतला आणि मिरवलाही. जगाच्या चहाड्या करणारी मी, नेमकी हीच एक करायची राहिली. शनिवारीही राहिलीच.

रविवारी मुलगी आली. चहा मीच केला. सामान बांधून झाल्यावर रिमोटराव म्हणाले, "पाच मिनिटं बस. आई दाखवतो."

दोन्ही चित्रं त्यांनी रिमोटवर साठवून ठेवली होती. एक नंबरला पिवळी, दोन नंबरला गुलाबी. अंगठा दोनवर जाऊन थांबला. मग अंगठा मागे आला आणि त्यांनी एक दाबला.

मुलगी बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, टीव्ही बिघडलाय का?"

"नाही," ते म्हणाले. "टीव्ही बरोबर आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटपर्यंत बघितलं, उठली, माझ्या मांडीवरचा स्वेटर उचलून पिशवीत घातला आणि निघाली. लिफ्टचं दार लागेपर्यंत रिमोटराव उंबऱ्यात उभे होते. तिने मागे वळून पाहिलं नाही.

आत येऊन सोफ्यावर आपल्या जागी बसले. पडद्यावर ती हातात बशी घेऊन थांबली होती.

"बंद करू का भाऊजी?"

"राहू द्या," ते म्हणाले. "बघतोय."