वरच्या टीचरांची टाकी

देवावर एवढा विश्वास असलेलं आणि तरीही जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना भिणारं दुसरं माणूस अख्ख्या उज्जैनात सापडायचं नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या टीचर पालीला भीत, गॅसच्या सिलिंडरला भीत, टावर चौकात मधोमध बसलेल्या सांडाला भीत आणि आपल्या प्रिन्सिपलला तर सांडाहूनही जास्त. नोकरीसाठी नगर जिल्ह्यातून त्या इकडे आल्या, त्या नव्या नवलाईतली गोष्ट. एका रविवारी पांढरी साडी नेसून, बायबल छातीशी धरून त्या ऑटोत बसल्या. त्यांच्या गावी चर्चला मंदिरच म्हणत, त्या सवयीनं बोलून गेल्या, “भैया, मंदिर चलो, जल्दी.” ऑटोवाला उज्जैनचा. त्यानं थेट महाकालापाशी नेऊन सोडलं, वर “चप्पल इधर उतार दो, बहनजी” असंही बजावलं. चुकलं म्हणायची टीचरांची छाती होईना. त्यांनी निमूट चपला काढल्या, एका हारवाल्याच्या पायरीवर बसून डोळे मिटून सगळी उपासना तिथंच केली आणि घरी आल्या. “प्रभूला पत्ता सापडतो गं,” त्या मला सांगत, “मला भीती त्या ऑटोवाल्याची वाटत होती.”

अशा बाईनं घरात गप्प बसावं की नाही? पण नाही म्हणायचीही त्यांना भीतीच. त्यामुळे सकाळी शाळा, दुपारी वह्या, संध्याकाळी महिला मंडळ, शनिवारी गाण्याची तालीम, रविवारी संडे स्कूल, शिवाय कुणाचं बाळंतपण आणि कुणाची मयत, सगळं त्यांच्याच गळ्यात पडे. “दिवसभर प्रभूचंच काम करते आणि प्रभूशी बोलायलाच टाइम नाही मिळत,” हे त्या चोरी पकडली गेल्यासारख्या चेहऱ्यानं सांगत. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. सकाळी नळ आला की त्या पाण्याच्या मोटरचं बटण दाबत आणि तिथंच बटणाखाली गुडघे टेकत. “माणूस टाकीसारखाच असतो गं. दिवसभर खालचे सगळे नळ उघडे. मग वर पाणी कोण चढवणार?” टाकी भरायला वीसेक मिनिटं लागत. भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून आमच्या ओसरीच्या पत्र्यावर टपटप सुरू होई, समोरच्या भाभी “टीचरजी, टंकी भर गई!” म्हणून हाक घालत, वरून “आमेन” ऐकू येई आणि मोटर बंद. दुष्काळी गावात वाढलेल्या टीचरांना पाणी वाया घालवणं पापच वाटे. चार-पाच थेंबांवर सहावा पडलेला मी कधी ऐकला नाही.

उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येई. नसलेल्या दिवशी टीचर दुप्पट घाबरलेल्या असत. एकदा मोटर चालू असताना लाइट गेली, तर अर्ध्या प्रार्थनेतून उठायचं कसं म्हणून बाई पाऊण तास गुडघ्यांवर! शाळेत प्रिन्सिपलनं विचारलं, “देर क्यों हुई?” तर म्हणाल्या, “सर, लाइट चली गई थी.” मी हसून हसून बेजार झाले होते. एकदा मी चिडवलंही, “टीचर, एवढी प्रार्थना करता, तरी भीती जात कशी नाही?” त्या बुचकळ्यात पडल्या. “अगं, भीती गेली तर गुडघे कशाला टेकीन मी?”

चार वर्षांपूर्वी घाबरायची वेळ माझ्यावर आली. छातीत गाठ लागली. इंदूरला तुकडा काढून तपासायला दिला. नवऱ्यापासून भाभींपर्यंत सगळ्यांनी “कुछ नहीं होगा” म्हणून पाठ थोपटली, आणि प्रत्येक थापेसरशी माझी भीती वाढत गेली. टीचरांनी जिन्यात माझा हात धरला. त्यांचा हात माझ्याहून गार होता. “मला फार भीती वाटतेय गं,” त्या म्हणाल्या. त्या दिवसांत मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले, ती त्यांच्या खांद्यावर.

रिपोर्टच्या दिवशी नवरा पहाटेच इंदूरला गेला. मी ओसरीत फोन मांडीवर घेऊन बसले. वर मोटर सुरू झाली. वीस मिनिटांनी टपटप झाली. भाभींची हाक झाली. पाचवा थेंब पडला, सहावा पडला, मग पत्र्यावर सरळ धारच लागली आणि ओसरीभर पाणी झालं. “टीचरजी!” भाभी ओरडत होत्या. वरून उत्तर नाही. माझ्या मनात नको ते आलं. माझी गाठ विसरून मी धडपडत जिना चढले.

दार उघडंच होतं. टीचर बटणाखाली गुडघ्यांवर होत्या, डोळे गच्च मिटलेले, गालांवरून पाणी, आणि ओठांत माझं नाव. मी खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“टाकी केव्हाची भरली, टीचर.”

“मला माहितीय गं. पण आमेन म्हणवत नाही. आमेन म्हटलं की रिपोर्ट येईल.”

मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. मला त्यांची प्रार्थना येत नव्हती, मी नुसती पाण्याचा आवाज ऐकत राहिले. फोन वाजला तो तिथंच. गाठ साधी होती. टीचरांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग आमेन म्हटलं, आणि मग बटण बंद केलं. त्यानंतर वाया गेलेल्या पाण्याबद्दल भाभींची माफी मागायला भीत भीत खाली गेल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. वरच्या नव्या भाडेकरूंनी आपोआप बंद होणारी मोटर बसवली आहे. आमचा पत्रा कोरडा असतो, आणि मला ते अजिबात आवडत नाही. टीचर फोनवर म्हणतात, “इथं सोसायटीची टाकी आहे गं. मोटर कधी चालू होते, कधी बंद, मला समजतच नाही.” मला दर सहा महिन्यांनी तपासणीला जावं लागतं, आणि दरवेळी तीच भीती वाटते. त्या सकाळी मी त्यांना फोन लावते. त्या विचारतात, “पाणी आलं का?” मी नळाखाली बादली लावते आणि फोन बादलीजवळ धरते. बादली लगेच भरून वाहायला लागते. पलीकडून आमेन येईपर्यंत मी नळ बंद करत नाही.