धुराच्या पेटीमागचा पंखा

कारखान्यात वहिनीला सगळे आगलावी म्हणायचे, आणि तीही हसून ओ द्यायची. कामच तसं होतं. आग न लागणाऱ्या प्लास्टिकला आग लावून बघायची, हा तिचा अठरा वर्षांचा उद्योग. प्लास्टिकची पट्टी चिमट्यात उभी टांगायची, खालून दहा सेकंद ज्योत धरायची आणि ज्योत काढल्यावर पट्टी किती वेळात विझते ते मोजायचं. खाली कापूस ठेवलेला. जळता थेंब पडून तो पेटला की माल नापास. घरीही तिचा हा दहाचा आकडा सुटत नसे. गॅस पेटवला की ओठ हलायचे. जेवताना मधेच उठून इस्त्रीचा प्लग चाचपून यायची. दादा म्हणायचा, हिच्याशी लग्न म्हणजे अग्निशमन दलात भरती. मला मात्र वैताग यायचा. माणसानं कधीतरी बूड टेकून बसावं की नाही?

मी त्याच कारखान्यात वायरमन. नोकरी तिच्या शब्दावर लागली, हे आधीच सांगून टाकतो.

पट्टीनंतर दुसरी परीक्षा धुराची. एक बंद पेटी, आत एका बाजूला दिवा, समोर उजेड मोजणारं यंत्र. तुकडा जाळायचा आणि धुरातून किती उजेड पलीकडे पोचतो ते लिहायचं. मोजून झाल्यावरच पेटीमागचा छोटा पंखा लावून धूर बाहेर काढायचा. हे प्लास्टिक पेट घेत नाही, पण तापलं की काळाकुट्ट धूर ओकतं. तो कमी व्हावा म्हणून त्यात एक पांढरी पूड घालतात.

सात महिन्यांपूर्वी वहिनीचा खोकला काही केल्या हटेना. पेटी उघडली की उरलासुरला धूर तोंडावर यायचा. पंख्याचं काहीतरी करा म्हणाली. मी पाच मिनिटांत तो खोलीच्या पंख्याच्या बटणाला जोडून दिला. खोलीचा पंखा दिवसभर चालूच, म्हणजे पेटीतलाही हळूहळू फिरत राहणार. जुनं बटण दाबलं की पूर्वीसारखा जोरात. काम झालं, एवढंच तिला सांगितलं. कसं झालं ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मोठ्या पंख्याच्या घरघरीत छोट्याचा आवाज कुणाला ऐकू येणार?

त्यानंतर धुराचे आकडे असे सुधारले की मिश्रण ठरवणारे केमिस्ट स्वतःच स्वतःची पाठ थोपटू लागले. त्यांनी पूड दोनदा कमी केली. त्या प्लास्टिकचे भिंतीला लावायचे तक्ते एका चार मजली हॉस्पिटलच्या जिन्यात भिंतीभर लागले.

मग एका सकाळी गारठा होता म्हणून वहिनीनं खोलीचा पंखा लावलाच नाही. तुकडा जाळला आणि पेटीतला दिवा दिसेनासा झाला. तिनं तीनदा करून पाहिलं. मग मला बोलावलं. मी पेटीमागची वायर पाहिली आणि मला दरदरून घाम फुटला. सात महिने धूर मोजायच्या आधीच बाहेर जात होता, आणि प्रत्येक कागदावर सही वहिनीची होती.

मी हळूच म्हणालो, वायर आत्ता काढतो, उद्यापासून आकडे बरोबर येतील, कुणाला पत्ता लागणार नाही. दोन दिवस ती घरभर येरझारा घालत होती. पोळी तव्यावर करपली तरी तिला भान नव्हतं. तिची नोकरी जाणार आणि तिच्यामागून माझीही, या विचारानं मलाही अन्न गोड लागेना. शेवटी मी चिडून म्हणालो की तक्ते पेटत तर नाहीत ना, मग झालं.

"भाजायला माणूस आगीजवळ असावा लागतो, भावजी," ती म्हणाली. "धूर वरच्या मजल्यावर झोपलेल्यालाही गाठतो. दार समोर असतं आणि सापडत नाही."

तिसऱ्या दिवशी ती कागद घेऊन मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली. वायरमन म्हणून मलाही बोलावलं. तिनं काही न लपवता सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, पंखा असा जोडला कुणी? वहिनी काही बोलली नाही. मी खिशातला टेस्टर चाचपत फरशीकडे बघत राहिलो.

"माझ्या सांगण्यावरून झालं," ती म्हणाली. "तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही."

जिन्यातले तक्ते उतरवायचं ठरलं. वहिनीला तपासणीतून काढून पॅकिंगला टाकलं. मला साहेब म्हणाले, पंखा नीट करून दे आणि तू तरी डोळे उघडे ठेवून काम करत जा. मी हो साहेब म्हणालो.

दुपारी मी पॅकिंगमध्ये गेलो. वहिनी स्टुलावर बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. हातात चिकटपट्टी, समोर खोक्यांचा ढीग. मी म्हणालो, वहिनी, तुझे उपकार कसे फेडू?

तिनं खोक्याला पट्टी लावली आणि अंगठ्यानं घट्ट दाबली.

"उपकार कसले? साहेबांनी विचारलं तेव्हा मी थांबले होते, भावजी. म्हटलं, तुम्ही बोलाल."

ती का थांबली आहे, ते मला तेव्हाच कळलं होतं.