‘जतन झालं’

प्रभावती येळवंडे यांच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार आहे, असं मला वाटत नाही. तरी लिहिते, कारण त्यांच्या बाबतीत नेमकं काय घडलं हे ठाऊक असलेली माणसं चार-पाचच आहेत आणि त्यातलं दुसरं कुणी लिहिणार नाही.

प्रभाताई निघोज्याच्या. वय सेहेचाळीस. दहावी नापास, गणितात. घरी दीड एकर राहिलेलं, ते त्यांचे यजमान ज्योतीराम बघतात. मेथी-कोथिंबीर काढून चाकणच्या बाजारात नेतात. मुलगी लग्न होऊन भोसरीला. प्रभाताई बारा वर्षं चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होत्या. गाडीच्या ब्रेकला लागणारे लोखंडी ब्रॅकेट तिथे प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून वाकवणाऱ्या मशिनवर, बनतात. शंभर नगांची एकेक ट्रॉली त्यांच्यासमोर यायची. त्यातले पाच नग उचलायचे, माप बघायचं, वाकवलेल्या जागी तडा गेलाय का ते बघायचं. एकालाही तडा दिसला तर सगळी ट्रॉली ‘होल्ड’, म्हणजे ती गेटबाहेर जायची नाही. बारा वर्षं ठेकेदाराच्याच हजेरीवर. कायम कुणी केलं नाही. पण शंका आली की इंजिनिअरसुद्धा नग घेऊन त्यांच्याकडे यायचे. त्या अंगठ्याचं नख वाकणीवरून एकदा फिरवायच्या आणि म्हणायच्या, “हाय.” नाहीतर, “न्हाई.” मशिनवर घालून पाहिलं तरी तेच निघायचं.

मी तनुजा. मूळची अहमदपूरची, राहते थेरगावात. पिंपळे सौदागरमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी वेब डेव्हलपर होते. त्या कारखान्याचं काम आमच्याकडे आलं: तपासणीचं कागदी रजिस्टर बंद करून टॅबलेटवर नोंदी घ्यायच्या. ब्राउझरमध्ये चालणारं साधं ॲप. अडचण एकच होती. तपासणीचं टेबल शेडच्या मागच्या टोकाला, वर पत्रा, तिन्ही बाजूंना प्रेस. तिथे नेटवर्क येत नाही. म्हणजे नोंद आधी टॅबलेटमध्येच ब्राउझरकडे ठेवायची आणि शिफ्ट सुटल्यावर टॅबलेट ऑफिसात नेला, वाय-फाय मिळालं, की ती सर्व्हरवर पोचवायची. माल दुसऱ्या दिवशी निघतो, त्यामुळे तेवढा उशीर चालण्यासारखा होता.

ब्राउझरकडे अशा गोष्टी ठेवायच्या वेगवेगळ्या जागा असतात. लोकल स्टोरेज म्हणजे टेबलाचा खण समजा. दोन ओळींत वापरता येतो, पण साधारण पाच एमबीला भरतो, आणि घेतो फक्त मजकूर. फोटो ठेवायचा तर त्याचाही लांबलचक मजकूर करून कोंबावा लागतो. इंडेक्स्ड डीबी हे कोठार आहे. फोटो, हजारो नोंदी, सगळं मावतं, पण त्याचा कोड लिहायला आणि तपासायला वेळ लागतो. हे मला माहीत होतं. डेमो चार दिवसांवर आला होता, म्हणून मी खण वापरला.

“डेमोनंतर बदलू,” मी सयाजी सरांना म्हणाले. सयाजी सर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर.

“चालतंय ना? मग हात लावू नको,” ते म्हणाले.

डेमो आवडला आणि पंधरा दिवसांत तेच ॲप जसंच्या तसं कारखान्यात लागलं. मीही पुन्हा विषय काढला नाही.

शिकवायला मीच गेले होते. तीन तपासनीस बायका, तीन टॅबलेट. नोंद भरून बटण दाबलं की खाली हिरव्या पट्टीत ‘जतन झालं’ असं येई. दोघींनी मान डोलावली. प्रभाताईंनी विचारलं, “म्याडम, जतन झालं म्हनतंय. पर कुठं झालं?”

“इथेच, टॅबलेटमध्ये.”

“रजिस्टरात लिव्हलं की मागचं पान उलटून बगता येतंय. हितं कालचं काय दिसत न्हाई.”

“ऑफिसात पोचलेल्या नोंदी लपतात, ताई. तुमचा पडदा मोकळा राहावा म्हणून.”

लपतात, हा शब्द मी अगदी अचूक वापरला होता. त्या खणातून पुसल्या जात नव्हत्याच. पुसायचा कोड लिहायचा राहिला होता.

त्याच आठवड्यात सुपरवायझर दादासाहेबांनी होल्डची लाल चिठ्ठी बंद केली. पूर्वी तडा सापडला की प्रभाताई ट्रॉलीला तारेने लाल चिठ्ठी बांधायच्या. “चिठ्ठी आनखी म्हैनाभर राहू द्या की,” त्या म्हणाल्या.

“आता पेपरलेस, मावशी. होल्ड केलेलं ऑफिसच्या स्क्रीनवर दिसणार. चिठ्ठी दिसली तर साहेब मला बोलतील.”

प्रभाताईंनी ऐकलं. पण चिठ्ठी नाही म्हटल्यावर त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. फोटो सक्तीचा नव्हता, बाकीच्या दोघी काढत नसत. प्रभाताई मात्र शंका आलेल्या प्रत्येक नगाचा फोटो काढायच्या, एक लांबून, एक जवळून. रोजचे चार-पाच होत. त्यामुळे त्यांच्या टॅबलेटचा खण तिसऱ्या आठवड्यातच भरला.

खण भरला की ब्राउझर पुढची नोंद घ्यायला नकार देतो, आणि तसं प्रोग्रॅमला स्पष्ट कळवतो. ते कळवणं झेलायला मी कोडमध्ये एक जागा ठेवली होती. ती रिकामी होती. नकार येई, माझा कोड तो गिळून पुढे जाई आणि हिरवी पट्टी दाखवी. मग शिफ्टच्या शेवटी पान बंद झालं की दिवसभराचं सगळं गेलं. नऊ दिवस प्रभाताईंनी एकेक ट्रॉली तपासली आणि नऊ दिवस त्यातलं काहीही कुठेही राहिलं नाही. ऑफिसच्या स्क्रीनवर फक्त होल्ड दिसत. काहीच दिसलं नाही की सगळा माल चांगला, असा तिथला समज.

दहाव्या दिवशी ज्यांना माल जातो त्या कंपनीकडून तक्रार आली. एका ट्रॉलीतले सतरा ब्रॅकेट त्यांच्या लाइनवर तडा गेलेले निघाले. त्यांची लाइन तीन तास बंद राहिली होती. ट्रॉलीचा नंबर होता, तारीख होती, टेबल प्रभाताईंचं होतं.

मला आणि सयाजी सरांना बोलावणं आलं. क्वालिटीच्या प्रमुख विजयश्री मॅडम, दादासाहेब, आम्ही दोघं टेबलाभोवती, आणि प्रभाताई दाराजवळ उभ्या. बसा असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

“ती ट्रॉली मी होल्ड केली हुती,” त्या म्हणाल्या. “पाचातल्या तीन नगांना तडा हुता. फोटो काढलेत मी.”

“ते तीन नग कुठे आहेत?” मॅडमनी विचारलं.

“लाल पेटीत टाकले.”

“लाल पेटी शनिवारी भंगारात जाते,” दादासाहेब म्हणाले.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टॅबलेट लॅपटॉपला जोडला. खण उघडला. पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी एकावर एक रचलेल्या, फोटोंचा तो लांबलचक मजकूर, आणि अगदी काठोकाठ. शेवटची नोंद सतरा तारखेची. त्यानंतर काही नाही. मला कळायला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. शेजारून सयाजी सरांनी स्क्रीन पाहिली, त्यांनाही कळलं. ते म्हणाले, “मॅडम, त्या तारखेची नोंद या टॅबलेटमध्ये नाही.”

त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

प्रभाताई दारापासून दोन पावलं पुढे आल्या. “तनुजा म्याडम, तुमी बगा की नीट. असंल. मी सोता दाबलंय ते, हिरवं आलं हुतं.”

मी स्क्रीनकडे बघत म्हणाले, “नाही आहे, ताई.”

परतताना गाडीत सयाजी सर नाशिक फाट्याच्या सिग्नलला म्हणाले, “सहा जणांच्या नोकऱ्या आहेत या कामावर. तुझी पण.” मी मान डोलावली. मला पटलं होतं असं नाही. पण मी मान डोलावली.

त्या संध्याकाळीच ठेकेदाराने प्रभाताईंचा गेटपास काढून घेतला. कारण लिहिलं, न तपासता माल सोडला. तोच ठेकेदार त्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना माणसं पुरवतो, त्यामुळे तपासणीचं काम त्यांना पुन्हा कुठे मिळणार नव्हतं.

मी कोड दुरुस्त केला. सगळ्या नोंदी कोठारात हलवल्या, पोचलेल्या नोंदी पुसायला लावल्या, जागा संपली तर लाल पट्टी येऊन काम थांबेल असं केलं, ब्राउझरने आपणहून काही साफ करू नये म्हणून त्याची परवानगीही मागितली. या सगळ्याला तीन दिवस लागले. कारखान्याला पाठवलेल्या पत्रात सयाजी सरांनी त्याला ‘किरकोळ सुधारणा’ म्हटलं.

दीड महिना मी स्वतःशी भांडत राहिले आणि मग एका रविवारी निघोज्याला गेले. प्रभाताई ओट्यावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. ज्योतीरामांनी पाणी आणून दिलं. मी सगळं सांगितलं, खण, कोठार, रिकामी जागा, सगळं. त्यांचे हात चालूच होते.

“म्हंजी मी फोटू काढले म्हनून भरलं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“त्या दोगींनी काढले न्हाईत, त्यांचं न्हाई भरलं.”

“हो.”

“आनि तुला हे तवाच कळलं? तिथं खोलीत?”

“लगेच कळलं.”

आता त्यांचे हात थांबले. “मी तुला म्हनले, नीट बग.”

ज्योतीराम मध्ये पडले. “झालं ते झालं. आता लिहून द्या की कंपनीला, म्याडम.”

“देते. उद्याच देते.”

“दिऊ दे,” प्रभाताई त्यांना म्हणाल्या. “पर दीड म्हैना गावात म्हनत्यात, प्रभीनं न बगता सही ठोकली. बारा वर्षं मीच ज्यांच्या पोरींना ते काम शिकवलं, त्या म्हनत्यात. त्यांच्या दारोदार ते कागूद घिऊन कोन जानार हाय?”

मी दुसऱ्या दिवशी विजयश्री मॅडमना सविस्तर ईमेल केला. दुरुस्तीआधी काढून ठेवलेली भरलेल्या खणाची चित्रं जोडली, चूक माझी असल्याचं सरळ लिहिलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: प्रकरण बंद झालेलं आहे, संबंधित व्यक्ती कारखान्याची कर्मचारी नाही, ठेकेदाराशी संपर्क साधावा. ठेकेदाराचा माणूस फोनवर म्हणाला, “त्यांच्या जागी दुसरी लागली हो. आता काय करू, हिला काढू?” मॅडमनी तेच उत्तर सयाजी सरांनाही पाठवलं होतं. महिन्याभरात मला दुसरीकडे बघायला सांगितलं गेलं. मला तीन आठवड्यांत दुसरी नोकरी मिळाली, आधीपेक्षा चांगली. ते ॲप आता आणखी दोन कारखान्यांत चालतं.

प्रभाताई खराबवाडीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटतात. सकाळी साडेसहाला रिक्षा असते. मी अधूनमधून फोन करायचे, कशा आहात विचारायचे, दुसरीकडे कुठे तपासणीचं काम असेल तर बघते म्हणायचे. दिवाळीनंतर केला तेव्हा मागे भांड्यांचा आवाज होता. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

“आता फोन करत जाऊ नको,” त्या म्हणाल्या. “तुला बरं वाटावं म्हनून मी कितीदा बोलू?”

त्यानंतर मी केलेला नाही.