देवी डॉक्टरची फटफटी

मोखाड्याकडच्या उतारावरचा तो अपघात माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पोलीस खात्यात उभा जन्म गेला, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण सकाळी देवापुढे दिवा लावताना मधेच आठवते ती एक फटफटी.

मी निवृत्त झाले ती अधिकारी म्हणून, पण तेव्हा साधी महिला शिपाई होते. संस्थान विलीन होऊन जव्हार ठाणे जिल्ह्यात आलं होतं. ठाणे शहरातून मला तिथे तात्पुरतं पाठवलं, तेव्हा मला वाटलं, माझ्या हुशारीची कीर्ती डोंगरापर्यंत पोहोचली असणार. नवी शिट्टी गळ्यात अडकवून मी बसमधून अशी उतरले, की जव्हारचे चोर आता सामान बांधायला लागतील. प्रत्यक्षात मला बोलावण्याचं कारण एवढंच होतं, की मी बाई होते.

झालं होतं असं. देवीची लस टोचत पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या सरकारी माणसाला लोक देवी डॉक्टर म्हणत. त्याला नवी फटफटी मिळाली होती. खोडाळ्याच्या दवाखान्यातली नर्सबाई एका बाळंतपणाला निघाली होती, म्हणून त्याने तिला मागे बसवलं. लांबच्या उतारावर गाडी दरीकडे गेली. नर्सबाई जागीच गेली, तो वाचला.

तो म्हणत होता, ब्रेक लागला नाही. फौजदारसाहेबांनी गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात ढकलून पाहिली, तर ब्रेक व्यवस्थित लागत होता. म्हणजे हा सुसाट चालवत होता, असा सरळ हिशेब. हयगयीने मृत्यू घडवल्याचं कलम त्याच्या मानेवर लटकत होतं. नोकरी जाणार होती, तुरुंग ठरलेला होता. दवाखान्याच्या खाटेवर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. जबाब घ्यायला गेलं की म्हणायचा, "लिहा साहेब, माझीच चूक. बाई तर माझ्या मागे बसली होती ना?"

बाजारातल्या चहावाल्याने खबर दिली, की अपघाताच्या वेळी खालच्या पाड्यावरच्या बाया उतारावर गवत कापत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं, पण खाकी दिसली की त्या रानात पसार होतात. म्हणून मी.

पण साहेबांनी मला आधी दुसरंच काम दिलं. फटफटी जिथून घेतली आणि जिथे तिचं सर्व्हिसिंग झालं, ती एजन्सी बाजारात नुकतीच उघडली होती. साध्या वेशात जाऊन तिथलं काम कसं चालतं ते बघून यायचं. नवरा म्हणून बरोबर पोलीस ठाण्यातले ढेरपोटे हवालदार. ते लाकडाच्या वखारीत कारकून आहेत, असं आम्ही वाटेत घोकलं होतं. एजन्सीच्या शेठने कुठे काम करता असं विचारल्यावर हवालदार ताडकन उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वखारीत, साहेब!" मी पदर तोंडाशी धरला. शेठला वाटलं, मी लाजले.

काय ती सेवा! रेक्झिनच्या खुर्च्या, बशीत बिस्किटं, विलायची घातलेला चहा, प्रत्येक गाडीची टाकी आरशासारखी पुसलेली. मिस्त्री कुठे आहे विचारलं, तर नाशिकहून आज येणारच होता. तोवर साखरशेत गावाकडचा एक मध्यमवयीन माणूस काम बघत होता. आधी तो बैलगाड्यांच्या आसांना वंगण घालायचा. त्याने एक गाडी स्टँडवर घेतली आणि हाताने चाकाला गती दिली. चाक फिरत राहिलं, फिरतच राहिलं, आवाज म्हणून नाही. मी चक्क टाळ्या वाजवल्या. तो लाजून हसला. आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तेच म्हणत होतं, इथून गेलेलं चाक लोण्यासारखं फिरतं.

मी सुवाच्य अक्षरात अहवाल लिहिला: बसण्याची सोय उत्तम, चहा वेळेवर, चाके सुरळीत.

साहेबांनी तो वाचला. "आणि ब्रेक?"

"कुठला ब्रेक, साहेब?"

त्यांनी कागद घडी करून टेबल डुगडुगत होतं त्या पायाखाली घातला. माझ्या पहिल्या गुप्त कामगिरीचा तेवढा तरी उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. शिट्टी पिशवीत टाकली, बायांबरोबर गवताचे भारे बांधू लागले. माझ्या भाऱ्याची गाठ सुटली तशा त्या हसल्या, आणि हसल्यावर बोलल्या. एक म्हातारी पुढे झाली. तिने सांगितलं, की गाडी वेड्यासारखी येत नव्हती. तो माणूस ओरडत होता आणि दोन्ही पाय जमिनीवर घासत होता, बैल आवरावा तसा. "त्याला थांबाचा होता बाय," ती म्हणाली, "पण गाडी थांबं नाय. चाकातून काळा रस गळं, जळल्याचा वास."

देवी डॉक्टरचे तळपाय सोलून निघाले होते, हे दवाखान्यात सगळ्यांनी पाहिलं होतं. ते का, हे कोणी विचारलं नव्हतं.

साहेबांनी एसटीच्या डेपोतून मेकॅनिक बोलावला. दोन पंचांसमोर त्याने चाकं उघडली. ब्रेक ज्यात बसतो ते दोन्ही ड्रम ग्रीसने गच्च भरलेले. त्याने बोटावर थोडं घेऊन आम्हाला समजावलं. मधल्या बेअरिंगला ग्रीस चिमूटभर लागतं, पण इथे मूठमूठ कोंबलं होतं. सपाटीवर कळत नाही. लांब उतारावर ब्रेक दाबून दाबून चाक तापलं, की ग्रीस पातळ होऊन ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरतं. मग कितीही दाबा, पट्टे नुसते घसरतात. थंड झालं की ग्रीस पुन्हा आळतं, आणि आवारात हळू ढकलून पाहिलं तर ब्रेक लागल्यासारखा वाटतो.

देवी डॉक्टर सुटणार, म्हणून मी आनंदाने पोलीस ठाण्यात मिरवत होते. पंचनाम्यावरची शाई वाळायच्या आत साखरशेतच्या त्या माणसाला आणलं.

चौकशी कशी करायची हे मी मनात ठरवून ठेवलं होतं: आवाज चढवायचा, मधेच थांबायचं, पुन्हा तोच प्रश्न. त्यातलं काहीच लागलं नाही. मला पाहून त्याचा चेहरा फुलला. ही चाकावर खूष झालेली बाई, हिने बक्षिसाला बोलावलं असणार, असं त्याला वाटलं. ग्रीस कोणी घातलं, असं साहेबांनी विचारलं.

"मीच घातला. भरपूर घातला."

"कोणी सांगितलं होतं?"

"शेठ बोलला, आपल्याकडून गेलेलं चाक रडाया नाय पायजे. चाक सुका ठेवला तं रडंलच ना, साहेब? मी कंजुषी नाय केली." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "या बायनं पण बघितला. कसा फिरतो, सांगा तुम्हीच."

मी लिहीत होते. टाक तिथेच थांबला. नर्सबाई कशी गेली, हे शेवटी त्याला हवालदारांनी सांगितलं. त्याला ते समजायला वेळ लागला. मग तो जमिनीवर उकिडवा बसला आणि हाताला लागलेलं ग्रीस धोतराला पुसत राहिला. ते काही निघेना.

साहेबांना शेठलाही आरोपी करायचं होतं. शेठचा वकील ठाण्याहून आला. शेठचं म्हणणं होतं, की मिस्त्री रजेवर असताना या माणसाने परवानगीशिवाय चाकं उघडली. शेठने चाकाला हात लावल्याचा साक्षीदार कुठून आणणार? तो तर फक्त चहा मागवायचा. कोर्टाने आरोपीला विचारलं, ग्रीस तू घातलंस का. साहेबांनी मला त्याला समजवायला सांगितलं होतं, की विचारतील ते बोल, आणि शेठने काय सांगितलं तेही बोल. मी समजावलंही, पण त्या माणसाला एवढंच कळत होतं, की विचारलेलं खरं आहे. "होय, मीच," एवढंच तो म्हणाला. त्याला शिक्षा झाली. शेठ सुटला.

देवी डॉक्टर निर्दोष ठरला, पण त्याने ती फटफटी परत केली आणि पुढे बदली मागून निघून गेला. खोडाळ्याला दुसरी नर्स किती तरी दिवस आली नाही. एजन्सी चालूच राहिली, तिच्या खुर्च्यांची तारीफही. मला वरून शाबासकी मिळाली, आणि ती मी आईला कळवलीसुद्धा, इतकी मी शहाणी.

एका निरपराध माणसाला मी बाहेर काढलं, हे खरं. पण त्याच्या रिकाम्या जागी मी कोणाला नेऊन बसवलं? गुन्ह्याचा माग लावणं मला खात्याने शिकवलं. तो माग जिथे संपतो, तिथे सगळ्यात कमी ताकदीचा माणूस उभा असतो, हे मी या केसमधून शिकले. पुढे वरच्या हुद्द्यावर गेले, पण त्यावर उपाय मला सापडला नाही. खोटं कशाला सांगू?

जव्हारची कामगिरी संपली आणि मी ज्या बसने ठाण्याला परतले, त्याच बसमध्ये हवालदार त्या साखरशेतच्या माणसाला तुरुंगात पोहोचवायला नेत होते. तुरुंगाच्या दारापर्यंत मीही बरोबर गेले. तिथे तो थांबला.

"बाय," तो म्हणाला, "सगळी बरा बोलत होती. चुकतं, असा एकानं तरी सांगाचा होता."

"आत जा, ऊन लागेल," एवढंच मी म्हणाले. तो मान हलवून आत गेला.