गॅरेजच्या दाराशी काढलेल्या सपाता

मंडळी, थोड्या वेळात हॉस्पिटलला निघायचंय, पण त्याआधी हे ई-मेलवर तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इतकी वर्षं मी किचनमध्ये एका बादलीत बिअर करायचो. यंदा गाडी बाहेर ड्राइव्हवेवर उभी केली आणि अख्खं गॅरेज बिअरला दिलं. स्टीलची मोठाली पातेली, बर्नर आणि माझ्या कमरेएवढं पिंप. काल त्यात माल्टचं उकळून गार केलेलं पाणी भरलं आणि पहिल्यांदाच यीस्ट घातलं.

आज सकाळी पाहतो तर पिंप ढिम्म, एक बुडबुडा नाही! थंडीनं यीस्ट मेलं असेल तर एवढं सगळं ओतून द्यायचं? शेवटी मी पडलो डॉक्टर. बॅगेतला स्टेथोस्कोप काढला आणि पिंपाला लावला.

आत सगळीकडून बारीक चुरचुर चालू होती. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव एकदम कामाला लागले होते. अंगावर काटा आला हो!

"काय रे, आजारी आहे का ते?" दारात आई. पुण्याहून माझ्याकडे राहायला आल्यापासून तिनं या 'दारूच्या खोलीत' पाऊल टाकलं नव्हतं. मी तिला आत बोलावलं आणि स्टेथोस्कोप तिच्या कानांना लावला.

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "अरे, हे तर जिवंत आहे."

आणि तडक बाहेर गेली. मला वाटलं, रागावली. पण तिनं दाराबाहेर सपाता काढल्या, गारठलेल्या काँक्रीटवरून अनवाणी परत आली आणि पुन्हा ऐकत उभी राहिली.

माझ्या पायांत बूट होते. तुम्ही काय केलं असतंत?