पिकअपचा स्क्रू

आधीच सांगतो, मी बिल्डिंग मेंटेनन्समधला इंजिनियर. लिफ्ट कुरकुरली, एसी घरघरला की लोक मला बोलावतात, आणि कारण सापडतंच. असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली... आता तुम्ही माझी उडवा.

शारजात अल मजाजला अकराव्या मजल्यावर आम्ही राहतो. माझी लेक सई, वय पंधरा. तिच्यासाठी भारतात परत निघालेल्या एका कुटुंबाकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. पहिल्या दिवसापासून आवाज फाटायचा. जाड तार छेडली की नुसती खरखर. केबल बदलली, दुसरा अॅम्प, म्हणजे गिटारचा स्पीकर, लावून पाहिला — फरक शून्य. राहिला पिकअप, म्हणजे तारांखालची ती चुंबकाची पट्टी. ती तारांच्या फार जवळ असली की आवाज फाटतो. बाजूचे स्क्रू फिरवून खाली घ्यायची, झालं.

रविवार होता, दुपारचे साडेतीन. मी जाड तार छेडली... आणि त्या खरखरीत कोणीतरी दोनदा घसा खाकरला. मग — "बाळ्याऽऽ".

मला बाळ्या म्हणणारा माणूस जगात एकच. पुण्यात राहणारे माझे वडील, आप्पा.

सांगायला लाज वाटते, पण मी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर संशय घेतला. जुना पिकअप कधीकधी माईकसारखे आजूबाजूचे आवाज पकडतो, हे मला माहीत होतं. तरी चैन पडेना, म्हणून मोठ्या भावाला मेसेज टाकला, "दादा, आप्पा बरे ना?" लगेच उत्तर आलं, "एकदम ओके."

खलास. मी स्क्रू फिरवायला घेतला. पाव फेरा, की तार छेडायची. हाक थोडी लांब गेली. अजून पाव. आणखी लांब. "बाळ्या, बाळ्या" आता घाईघाईने येत होतं. शेवटच्या फेऱ्याला तार इतकी स्वच्छ वाजली की मी सईला बोलावून ऐकवली.

"नाइस, बाबा!" ती म्हणाली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

बुधवारी दादाचा फोन आला. आप्पा गेले होते. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होते.

"तुझी नवी नोकरी, प्रोबेशन चालू... आप्पाच म्हणाले, त्याला कळवू नका," दादा रडत होता. "पण रविवारी पाचला एकदम तुला हाका मारायला लागले रे. मग हळूहळू आवाजच बसला. नंतर बोललेच नाहीत."

तिकडचे पाच म्हणजे आमचे साडेतीन.

लांब राहणाऱ्याला वाईट बातमी द्यायची नाही, ही आमच्या घरातली माया. माझी मागची नोकरी गेली तेव्हा मीही चार महिने इकडून "एकदम ओके" म्हणत होतो. आणि तरी मी त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवला, स्वतःच्या कानांवर नाही. याचा मला अजून राग येतो.

पुण्याहून परत आल्यावर स्क्रू उलटा फिरवून पिकअप पूर्ण वर घेतला. फक्त खरखर. तरी तो तसाच वर ठेवला.

मागच्या शनिवारी सकाळी सई सराव करत होती, मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. ती दारात आली.

"बाबा, व्हाय डू यू कीप कॉलिंग मी?"

"मी? नाही गं."

"इट्स युअर व्हॉइस. इन द अॅम्प."

लगेच डॉक्टरकडे जाऊन माझ्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट नॉर्मल आहेत. कारण... मला सापडलेलं नाही. सईला तो फाटका आवाज नको आहे, रोज विचारते, "कॅन आय लोअर द पिकअप?"

मी तिला एवढंच सांगितलंय, त्या स्क्रूला हात लावायचा नाही.