उभा फोटो

गावातल्या कोणीतरी माझी तक्रार केली, हे मी आजही धरून चाललो आहे. तहसीलमधल्या बाईंनी तीनदा सांगितलं की फॉर्म सगळ्यांनाच आलाय, अपंगांचा पगार ज्यांना ज्यांना मिळतो त्या प्रत्येकाची फेरतपासणी आहे. असेल. पण मग कोतवालानं तो कागद माझ्या हातात देताना आधी इकडे तिकडे का पाहिलं?

मी दोन वर्षांचा असताना मला पोलिओ झाला. उजवा पाय वाढत गेला, डावा मागं राहिला. डाव्या मांडीवर हात दाबून मी चालतो, त्यामुळे माझी प्रत्येक पँट तिथंच आधी विरते आणि वहिनी तिथं ठिगळ लावते. या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. दर महिन्याला बँकेत जे येतं त्याला आमच्याकडे सगळे पगारच म्हणतात. तो फार नाही. पण माझ्या आयुष्यात तेवढीच एक गोष्ट आहे जी मला दादाकडे मागावी लागत नाही. मी दादाच्या ओसरीत बसून फवारणीचे पंप दुरुस्त करतो, पण ते काम पिकं उभी असतात तेवढंच. जेवतो दादाच्या घरात, झोपतो दादाच्या घरात. पगार बंद झाला असता तर दाढीच्या पात्यापासून चपलेपर्यंत सगळं मागून घ्यावं लागलं असतं. याची मला मरणाची भीती होती.

फॉर्म चार पानी होता. तिसऱ्या पानावर 'मागील तपासणीनंतर स्थितीत झालेला बदल' असं छापलेलं आणि त्याखाली चार रिकाम्या ओळी. चार कशाला? काही बदललंच नसेल तर दोन शब्द पुरतात. चार ओळी सोडणाऱ्याला माझ्याकडून काहीतरी वदवून घ्यायचंय, हे मी लगेच ओळखलं. मी लिहिलं, 'बदल नाही.' मग वाटलं, मागून कोणी त्यापुढं काही खरडलं तर? म्हणून उरलेल्या जागेवर आडव्या रेघा मारून टाकल्या. पुढचा प्रश्न, 'चालता येते काय?' नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर गळ्यात फास. अर्धा तास विचार करून लिहिलं, 'मांडीवर हात दाबून.'

दादा शेजारी बसून पाहत होता. म्हणाला, "अरे, लई त्रास हाये असं लिही ना."

"कायले? जेवढा होता तेवढाच हाये."

"तरी पन लिहिलेलं बरं राह्यते."

दादाला एवढी काळजी कशाची, हेही माझ्या डोक्यात येऊन गेलं. पण तेव्हा माझा मुख्य संशय शेजाऱ्यावर होता. ऐन फवारणीत त्याचा पंप माझ्याकडे तीन आठवडे पडून राहिला होता. आणि एका लग्नाला निघताना मी हातांच्या जोरावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढलो, तेव्हा हाच हसून म्हणाला होता, "वा रे वा, ट्रॅक्टरवर बी चढता का तुमी!" तेव्हा सगळे हसले होते. मी ते वाक्य जपून ठेवलं होतं.

फॉर्म आल्यापासून मी त्याच्या दारावर नजर ठेवू लागलो. मग एका सकाळी माझ्या लक्षात आलं की तो दिसला की मी जास्त लंगडतो. चाळीस वर्षं खरा असलेला पाय मी त्याच्यासाठी खोटा करून दाखवत होतो. मला माझी इतकी किळस आली की त्या दिवशी मी ओसरीतून उतरलोच नाही.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'अपंगत्व दिसेल असा पूर्ण उभा फोटो.' असा फोटो माझ्याकडे एकही नव्हता. घरातल्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी पुढच्या रांगेत खुर्चीवर असतो. दादानं मोटरसायकलवर तालुक्याला, रिसोडला नेलं. स्टुडिओवाल्यानं निळ्या पडद्यापुढं उभं केलं आणि म्हणाला, "जरा हसा." मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी दादा सोयाबीन घेऊन बाजारात गेला तेव्हा फोटोचं पाकीट घेऊन आला.

फॉर्ममधला शब्द न् शब्द मी दहादा तपासला होता. कोतवालावर, शेजाऱ्यावर, छापलेल्या ओळींवर, कशाकशावर म्हणून माझा विश्वास नव्हता. पण ते पाकीट मी उघडलं नाही. उभा असलेला मी कसा दिसतो हे मला पाहायचं नव्हतं. पाकीट तसंच फॉर्मला टाचून टाकलं.

तहसीलमध्ये बाईंनी फोटो बाहेर काढला. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरून वाकून माझ्या पायाकडे पाहिलं.

"हे तुमीच का?"

त्यांनी फोटो माझ्याकडे फिरवला. निळ्या पडद्यापुढं एक माणूस ताठ उभा होता. दोन्ही पाय सारखे, दोन्ही पावलं जमिनीवर पक्की. मांडीवरचं ठिगळ गायब. दाबलेला हात सुटून बाजूला सरळ लोंबत होता. चेहरा माझा होता, थोडा गोरा.

"पाय तं बरोबर दिसून राह्यले," बाई म्हणाल्या. "आन् वर लिहिलं, बदल नाही."

त्यांची ती नजर माझ्या चांगली ओळखीची होती. महिनाभर मी सगळ्या गावाकडे तशाच नजरेनं पाहत आलो होतो. माझ्या मागं रांग उभी होती. मी वाकलो आणि सगळ्यांसमोर पँट गुडघ्यापर्यंत वर केली. इतक्या माणसांपुढं तो पाय मी कधी उघडा केला नव्हता.

बाईंनी मान खाली घातली. "मले दिसते ना, भाऊ. पन फाइलीत तुमचा पाय नाही, हा फोटो जाईन. तिकडं पाहणाऱ्याले हाच दिसन. दुसरा घेऊन या. आजचाच दिवस हाये, चार वाजेपर्यंत मी बसेल हाये." आणि तो फोटो त्यांनी मला परत दिला.

बाहेर लिंबाखाली दादा गाडीजवळ उभा होता. मी त्याच्या छातीवर फोटो आपटला. "पाकीट तूच आनलं. माह्यं नाव बी तूच देलं ना? माह्या हातात दोन पैसे राहू नाही, तुह्यापाशीच मागत बसावं, हेच पाह्यजे ना तुले?"

दादानं फोटो पाहिला. मग एवढंच म्हणाला, "बस गाडीवर."

स्टुडिओवाला अजिबात ओशाळला नाही. त्याच्या भिंतीवर तालुक्यातली लग्नाळू पोरं ओळीनं लावलेली होती. सगळ्यांच्या अंगात तोच एक निळा कोट, सगळे सारखेच गोरे. कोट तो कॉम्प्युटरवर चढवतो, डाग पुसतो, टक्कल असेल तर केस देतो. लोक त्याच्याकडे त्यासाठीच येतात. म्हणाला, "तुमचे भाऊच म्हनले, फोटो चांगला काढजा. म्हून पाय नीट करून देला. त्याचे पैसे बी नाही घेतले."

मी दादाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत होता.

"मले काय मालूम, हा पायच बदलून टाकीन," तो म्हणाला. मग, माझ्याकडे न पाहता, "पाकिटात पाह्यला होता मी. वाटलं, कागदावर तरी तुह्या पाय नीट राहू दे."

मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही मी दाबलं, कारण चार वाजायला पाऊण तास होता. स्टुडिओवाल्यानं मूळचा फोटो काढून दिला. त्यात मी होतो तसा होतो, वाकलेला, मांडीवर हात, हाताखाली ठिगळ. बाईंनी तो चिकटवून घेतला. पगार चालू राहिला. दादाची माफी मी अजून मागितलेली नाही. तक्रार कोणी केली तेही अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी गाडीवर बसताना दादानं पहिला फोटो पुढं करून विचारलं होतं, "फाडू का?"

मी म्हणालो, "दे इकडं. मी फाडतो."

तो माझ्या वायसरच्या डब्यात आहे, रबराच्या चकत्यांखाली. दुपारी दादा शेतात गेला आणि शेजाऱ्याचं दार बंद दिसलं की कधी कधी मी तो काढतो. त्यातल्या माणसाचे दोन्ही हात मोकळे आहेत. मी त्याच्याकडे पाहत बसतो. आता खरंच कोणी तक्रार केली आणि हा डबा उघडला, तर माझ्याविरुद्धचा पुरावा त्यांना आयता सापडेल. तरी माझ्यानं तो फाडवत नाही. झाकण लावण्याआधी मी त्या कोतवालासारखाच इकडे तिकडे पाहून घेतो.